छातीच्या उंचीची रेघ

६ जानेवारी

मोजणी सुरू केली. एकटीने!

ऑफिसात सगळ्यांनी सांगून पाहिलं — बाई, सोबत माणूस देतो. नको म्हटलं. इतकी वर्षं टेप तो गुंडाळायचा, आकडा ओरडायचा, आणि मी लांब उभी राहून लिहायचे. नवरा टेपवाला, बायको कागदवाली. आता दोन्ही मीच. पहिल्या सागाला टेप गुंडाळली आणि त्याच्यासारखाच मोठ्याने आकडा ओरडले. लिहून घ्यायला कोण? राखणदार फाटकावरून धावत आला, "काय झालं बाई, काही चावलं का?" काही नाही रे बाबा, जा, म्हटलं. तो गेल्यावर झाडाला टेकून पोटभर रडले. मग नाक पुसलं, आकडा लिहिला. दुसरं झाड.

उजवा खांदा आज जीव काढणार अशी तयारी करून गेले होते. दीड वर्षापासून जखडलेला, हात खांद्याच्या वर म्हणून जात नाही. मलम, गरम पाण्याची पिशवी, सगळा लवाजमा बरोबर. पण खांद्याने हूं की चूं केलं नाही! चला, एवढं तरी धड आहे आपलं.

७ जानेवारी

नवे साहेब रानात आले. बूट चकाचक. "बाई, हे दोन तुकडे का ठेवलेत ते जरा समजावा."

समजावलं. ओढ्यापलीकडच्या एकाच उतारावर, एकाच पावसाळ्यात लावलेला साग. एका तुकड्यात दर काही वर्षांनी विरळणी केली — खुरटी, वाकडी, एकमेकांच्या डोक्यावर बसलेली झाडं काढली, उरलेल्यांना हातपाय पसरायला जागा दिली. दुसरा दाट तुकडा. त्याला कोणी बोट लावायचं नाही. दर जानेवारीत दोन्हीकडच्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा, छातीच्या उंचीवर. तिथे पांढरी रेघ रंगवलेली असते, म्हणजे टेप दरवर्षी त्याच जागी बसते. बस्स. एवढंच केलं आम्ही आयुष्यभर.

"छातीच्या उंचीवर म्हणजे कुणाच्या छातीच्या?" साहेबांनी माझ्या उंचीकडे बघत विचारलं आणि स्वतःच हसले. पोरकट! पण तोसुद्धा दरवर्षी हाच विनोद करायचा. उंची ठरलेली असते, तिला मापाची काठी असते. ती काठी त्याच्या छातीला लागायची आणि माझ्या डोळ्यांना. ऑफिसात आम्हाला पट्टी आणि खोडरबर म्हणायचे. पट्टी गेली.

९ जानेवारी

महिनाअखेरीला कमिटी बसणार आहे. सगळीकडच्या सागाच्या लागवडीत विरळणी कशी आणि कितपत करायची, त्याचा नियम ठरायचाय. तो नियम त्याचाच. "गर्दीत कोणी बाळसं धरत नाही," म्हणायचा. लोक हसायचे — झाडं तोडून कुठे रान वाढतं का? हा शांतपणे आकडे पुढे सरकवायचा. रागावणं त्याला जमायचं नाही, ते खातं माझ्याकडे.

आता यंदाची मोजणी जोडली की झालं. मुलं मोठी झाली की आईबाप म्हणतात ना, एकदा हिचं लग्न झालं की डोळे मिटायला मोकळे, तसं त्याचं या नियमाचं होतं. डोळे आधी मिटले. लग्न मीच लावायचं आता.

११ जानेवारी

दाट तुकडा संपला. खांदा शाबूत! लेकीला फोन करून फुशारकी मारली. "बघ, तुझ्या भिंतीचा गुण!"

गेल्या फेब्रुवारीत तिच्या बाळंतपणाला गेले होते. स्वतः एवढं पोट घेऊन फिरत होती, पण रोज मला भिंतीशी उभं करायची. बोटं भिंतीवर चढवत न्यायची, मुंगीसारखी, जिथे थांबतील तिथे ही पेन्सिलीने खूण करायची. बाळंतीण कोण आणि पेशंट कोण, कळेना. मी आणखी वर जायला बघितलं की ओरडायची, "आई, टाचा उचलू नकोस! खरं तेच माप हवं." बापाची पोर.

१२ जानेवारी

विरळ तुकड्याला हात घातला. आणि खांद्याने उट्टं काढलं! तिसऱ्याच झाडाला डोळ्यांपुढे तारे. दाट तुकड्याने दमले असणार. फुशारकी अंगाशी येते ती अशी. निम्म्यावर टाकून घरी.

१३ जानेवारी

रानाला सुट्टी. चादरी धुतल्या.

मागच्या अंगणात दोरी उंच. ती खाली घ्यावी तर चादरी जमिनीला लागतात. म्हणून कपडे सरकवायला त्याची मापाची काठी आहे. गेल्या मार्चमध्ये लेकीकडून परत आले तर ती दोरीशी टेकवून ठेवलेली. "तुला राहू दे. मला नको आता, दाट तुकड्याच्या रेघा उजळून झाल्यात." आणि स्वयंपाकघरात बघते तर डब्यांची फळी खाली घेतलेली! लग्न झाल्यापासून मी त्या फळीसाठी घसा कोरडा करत होते — बाबा रे, तुझ्या उंचीने लावलीस, मी काय रोज स्टुलावर चढून चहा करू? हो हो, करतो करतो. करतो म्हणता म्हणता केस पांढरे झाले दोघांचे. आणि मी नसताना अचानक फळी, काठी, रेघा, सगळं उरकून बसलेला.

आनंद दाखवायचा की नाही? मी म्हटलं, "तिरकी लावलीस." होतीच तिरकी. चहाचा डबा अजून डावीकडे घसरतो. रोज सकाळी तो सरळ करताना काळजात कळ येते. आता कोणी ती फळी सरळ करायला आलं तर हात तोडीन त्याचा.

१६ जानेवारी

विरळ तुकडा संपला. टेप डाव्या हाताने गुंडाळली, मलम चोपडलं, शिव्या घातल्या, पण संपवला. आकडे ऑफिसात दिले. सुटले.

१७ जानेवारी

सुटले कसली!

आकडेवाल्याचा फोन — आमची मोजणी संगणकावर चढवणारा. इतका हळू बोलला की वाटलं, आता कोण गेलं. "बाई, दाट तुकडा पुन्हा बघता का?" काय झालं? तर म्हणे तिथली झाडं एका वर्षात फुगलीत. एरवी तीन-चार वर्षांत वाढतील तेवढी. एखाददुसरं असतं तर म्हटलं असतं बाईंचे डोळे गेले. झाडून सगळी! विरळ तुकडा मात्र आपला नेहमीच्या चालीने.

म्हणजे गर्दीतली झाडं जोमात आणि त्याने जागा करून दिलेली झाडं मागे. म्हणजे त्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. म्हणजे आयुष्य पाण्यात.

१८ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. इतकी आस्था दाखवली की समजले, आता घाव येतोय.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण झाडं काही खोटं बोलत नाहीत."

मी म्हटलं, एका वर्षाच्या आकड्यावर आधीची सगळी वर्षं फेकून देणार? ते म्हणाले, फेकत नाही, पण कमिटीपुढे शंका असलेला नियम कसा ठेवू? आणि वर, "किंवा मोजणीत काही झालं असेल. तुमची पहिलीच वेळ होती ना टेप धरायची?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर आतून वाटलं — असू दे, माझीच चूक असू दे. मी मूर्ख ठरले तर तो वाचतो. उद्या पुन्हा मोजते म्हटलं.

२० जानेवारी

दाट तुकडा पुन्हा मोजला. निम्मा काल, निम्मा आज. रेघेवर टेप, टेपेवर डोळा. तेच आकडे. एक दोराही इकडेतिकडे नाही. माझी चूक नाही. हे देवा, माझी चूक का नाही?

घरी येऊन बसले ती उठलेच नाही. दवाखान्यातले ते दिवस. जूनमध्ये दाखल केला आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार पसरलंय. मी त्याच्यावर चिडले, "तुला काहीच कळलं नाही? एवढा झाडाच्या आतलं ओळखणारा!" तर म्हणाला, "मलाही आत्ताच कळतंय." शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं. एकदा माझं मनगट धरून म्हणाला, "रेघांचं बघ." विरळ तुकड्याच्या रेघा उजळायच्या राहिल्यात, त्याचा जीव त्यात अडकलाय, असं वाटलं मला. म्हटलं, रेघा कसल्या घेऊन बसलास, झोप. जुलैत गेला.

बरं झालं, हे आकडे बघायला नाही राहिला. आणि लगेच दुसरं मन म्हणतं — बरं काय झालं? काहीही बरं झालेलं नाही.

२१ जानेवारी

लेकीचा फोन आला. उचलला नाही.

२३ जानेवारी

साहेबांनी विचारलं — नियम आपणच मागे घेतो असं एका ओळीत लिहून द्याल का, म्हणजे कमिटीत त्यांच्या नावाची चर्चा नको. विचार करते म्हटलं.

खरंच विचार करतेय, हेच वाईट.

२५ जानेवारी

सकाळी कपडे वाळत घालत होते. काठी टेकवलेली होती ती घसरून माझ्याच अंगावर आली. पकडून उभी केली आणि तशीच थिजले.

काठीचं टोक डोळ्यांशी. माझ्या डोळ्यांशी! ती तेवढीच असते, मला काय आज कळतंय? पण मग दाट तुकड्यात टेप माझ्या डोळ्यांशी का आली नाही? तिथे हात वर केलाच नाही मी. खांदा दुखला नाही तो खांद्याचा चांगुलपणा नव्हे. विरळ तुकड्यात दुखला, कारण तिथे हात वर न्यावा लागला!

ओले कपडे बादलीत टाकून काठी घेऊन निघाले. चपलाही घरातल्याच. राखणदार बघतच राहिला. विरळ तुकड्यात काठी लावली — टोक बरोबर रेघेवर. दाट तुकड्यात लावली — रेघ एक वीत खाली. दुसरं झाड, एक वीत खाली. दहावं, विसावं. एक वीत, एक वीत!

खोड वर निमुळतं होत जातं, बुंध्याकडे जाड. टेप वीतभर खाली सरकवली की घेर आपोआप वाढतो. शेंबडं पोरही सांगेल. झाडं फुगली नाहीत, रेघ खाली आलीय! गेल्या वर्षीची मोजणी झाली जानेवारीत, जुन्या रेघेवर, आम्ही दोघांनी केली. मी लेकीकडे गेले फेब्रुवारीत. मागे राहून याने एकट्याने रेघा "उजळल्या". नीट बघितलं तर सालीच्या भेगांत वर वीतभर अंतरावर जुन्या रंगाचे कण आहेत. बाकी तारेच्या ब्रशने घासून काढलेलं.

हसू आलं, रडू आलं. राखणदाराला म्हटलं, धर रे टेप, वरच्या जागी. तो विचारतो, बाई, पाणी आणू का?

२७ जानेवारी

दोन दिवस राखणदाराचे हात, माझे डोळे. दाट तुकडा जुन्या उंचीवर मोजला. घेर नेहमीसारखा, किंचित वाढलेला, गर्दीत वाढतो तेवढाच. आकडेवाल्याने फोनवर "अरे वा!" म्हटलं आणि मग स्वतःच लाजला. नियम वाचतोय.

पण साहेबांना लेखी काय देऊ? रेघ खाली का आली? ज्याने दुसऱ्यांच्या बोटभर चुकीसाठी सबंध वर्षाचं काम रद्द करायला लावलं, त्याने?

लिहिलं — प्रकृती ठीक नसल्यामुळे. दुसरं काय लिहू? आजार आत पोखरत होता, हात वर जात नसेल, कुणाला सांगायची सोय नाही, बायको लेकीकडे. जिथवर हात गेला तिथे रेघ मारली बिचाऱ्याने. हे लिहिताना ऊर फुटायची वेळ आली. इतका ताडमाड माणूस, एक वीत खचला आणि मला पत्ता नाही. परत आल्यावर मी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. नातवाचे फोटो दाखवत सुटले होते.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. थकलेला हात एका झाडावर चार बोटं खाली येईल, दुसऱ्यावर आठ. याच्या रेघा सगळ्या सारख्या, अगदी काठीने मापल्यासारख्या. जाऊ दे. उगाच कीस काढते मी.

२९ जानेवारी

कमिटी झाली. नियम राहिला! साहेबांनी स्वतः खाली सोडायला येऊन हात जोडले. मला त्यांचा राग येत नाही आता.

एक जण म्हणाला, "म्हणजे चूक त्यांचीच होती." मी म्हटलं, "हो. आजारी होता."  त्याची बाजू जिंकून आले आणि त्यालाच चुकलेला ठरवून आले. रिकाम्या घराला सांगितलं, झालं रे बाबा तुझं काम.



३१ जानेवारी

लेकीशी बोलले. सगळं सांगितलं. बाबाच्या हातात जोर राहिला नव्हता गं, रेघा खाली आल्या.  

मग म्हणाली, "आई, तू इथे होतीस ना, तेव्हा बाबा रोज गुपचूप फोन करायचे. आज आईची बोटं कुठवर गेली? जमिनीपासून मोजून सांग. फळी खाली घ्यायचीय म्हणाले. तुला कळू द्यायचं नव्हतं."

ती पेन्सिलीची खूण अजून आहे तिच्या भिंतीवर. म्हटलं, टेप आण, मोज. तिने आकडा सांगितला. दाट तुकड्यातल्या रेघेचा तोच.

फेब्रुवारी! जूनमध्ये नाही, फेब्रुवारीतच त्याला माहीत होतं की यंदा टेप माझ्या हातात असेल. रेघ का खाली आणली ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून काठी देऊन टाकली आणि गप्प बसला.

आणि मी दारातून आत आले, फळीकडे बघितलं आणि म्हटलं, तिरकी लावलीस.